अंथरुणातलं बनियनचं कापड

बनियनच्या कापडाला मी जन्मभर कापड म्हटलं नाही. ना ताणा, ना बाणा. एकाच सुताचे फासे एकात एक अडकवलेले. ओढलं की लांब, सोडलं की आखूड. बाजारात त्याला होजियरी म्हणतात. मी मागावर वाढलेला माणूस, मला ते पोकळ वाटायचं. आणि माझ्या बायकोनं उतारवयात त्याच कापडावर आमचं घर चालवलं.

आमचं गाव वैनगंगेकाठचं, विणकरांचं. आमच्या घरात कोशाचं काम होतं. कोसा म्हणजे रानातल्या किड्याचं रेशीम. त्याच्या कोषाला इतका डिंक असतो की सोड्याच्या पाण्यात रटारटा शिजवल्याशिवाय धागा सुटत नाही. शिजवायचं काम माझं, धागा काढायचं तिचं. मांडीवर घासून घासून ती धागा काढायची. मांडीची चामडी खरखरीत झाली होती, पण कधी कण्हली नाही. पुढं कोशाचं काम कमी होत गेलं, माग नुसता उभा राहिला. तेव्हा तिनं मला विचारलं नाही. नागपूरहून शिलाई मशीन आणली, होजियरीचा गठ्ठा आणला, लहान लेकरांची झबली-टोपडी शिवायला शिकली आणि आठवडी बाजारात जाऊन बसली. मी गठ्ठा वाहायचो. तेवढंच माझं काम. बोलून दाखवायची मला, खोटं कशाला सांगू. पण आधी जेवायला वाढायची, मग बोलायची.

मागच्या माघात ती गेली. छातीचं दुखणं होतं, दिवाळीपासून खाटेवरच होती.

दिवाळीतच लेकीचा फोन आला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली, आता कुठं दिवस राहिले. बायकोनं फोन ठेवला आणि शेजारणीला हाक मारली. ही शेजारीण आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. शिलाई बायकोकडूनच शिकली, तिला बाई म्हणायची आणि मला भाऊजी. बायकोनं तिच्याकडून नागपूरहून बनियनचं कापड मागवलं. पांढरं नाही, कोरं. कारखान्यातून निघालेलं, पिवळसर, हातात घेतलं की मेणचट लागणारं. नातवंडाच्या बारशाचं झबलं त्याचं होणार होतं.

तिच्या माहेरची एक रीत होती. लेकरू जन्मलं की बारशापर्यंत त्याला जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळायचे. बारशाला नवं झबलं, ते आईकडच्या आजीनं दिलेलं. पण नवं कापड लेकराला टोचतं. म्हणून आजीनं ते आधी आपल्या अंथरुणात घालायचं आणि त्यावर झोपायचं. तिच्या अंगाखालून गेलं की ते धड नवं राहत नाही आणि धड जुनंही होत नाही. माझी सासू माझ्या लेकीच्या वेळी अशीच झोपली होती. बायकोनं ते कापड दुहेरी करून गोधडीवर अंथरलं आणि शेवटपर्यंत त्यावरच पडून राहिली. कूस बदलायला मी हात दिला की म्हणायची, "कापड सरकू देऊ नोका."

ती गेली त्या दिवशी बायकांनी रिवाजाप्रमाणं अंथरूण-पांघरूण बाहेर काढलं. गोधडी गेली, उशी गेली. मी मधून ते कापड ओढून घेतलं आणि काखेत मारलं. सगळ्यांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही, कारण त्या दिवशी मला कोणीच काही बोलत नव्हतं.

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. घरात बाई माणूस नाही, तरी आली. पहिलं बाळंतपण माहेरीच करीन म्हणून अडून बसली. जावई चिखल्याच्या खाणीवर गाडी चालवतो, त्याला सुटी मिळेना, म्हणून तिची सासू तिला पोचवायला आली. विहीण एकोडीकडची, धानाच्या घरची. काटक बाई, बोलायला माझ्यासारखीच. येताना तांदळाचं पोतं घेऊन आली आणि माझं स्वयंपाकघर पाहून म्हणाली, "इवाईबुवा, हे घर हाय का गोदाम?"

लेकीनं बसल्या बसल्या विचारलं, "बाबा, आईनं झबल्याचं कापड घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं. हाय माह्यापाशी."

"बारशाले मले तेच पायजे."

मी पेटीतून काढून दिलं. लेकीनं तोंडाला लावलं आणि तशीच बसून राहिली. विहिणीनं एकदा कापडाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"कुठलं कापड हे?"

"तिच्या अंथरुनातलं," मी सांगून टाकलं.

विहिणीचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "राग नोका मानू इवाईबुवा. गेलेल्या मानसाच्या अंथरुनातलं कापड, अन बारशाले? इतक्या वर्षांनी पाळना हालनार हाय आमच्या घरी. माह्यानं हे होनार नाही."

"आत्याबाई," लेक सासूला आत्याबाई म्हणते, "माह्या लेकराले हेच घालीन. नाही तं उघडं ठेवीन."

"ठेव. आजारी पडलं तं मले सांगू नोको."

दोघींनी तोंडं फिरवली. मला लेकीचं मन समजत होतं. आई बाळंतपणाला नाही, बारशाला नाही, तिच्याकडचं एवढंच लेकराच्या अंगाला लागणार होतं. आणि विहिणीची भीतीही काही खोटी नव्हती. मी मधला मार्ग काढला.

"मी उकळून देतो. सोड्यात उकळलं की कापडात काहीच राहत नाही. जलमभर तेच केलं. कोशातला किडासुद्धा राहत नाही."

"किड्याची गोष्ट कायले काढता आता?" विहीण ओरडली. पण जरा सैल झाली. "उकळा. चांगलं उकळा. बारशाले आली की मले दिसलं पायजे, उकळलं म्हनून."

असं ठरलं आणि ती दुसऱ्या दिवशी एकोडीला गेली.

माझ्याकडं कोष शिजवायचं जुनं गंज होतं, मोठं पातेलं. सगळं कापड त्यात मावेना. अर्धं करायला मी कड दातानं फोडली आणि मागावरच्या कापडासारखं टरकन फाडायला गेलो. टरकन फाटतंय कुठलं. ते नुसतं लांबलं आणि दातानं जिथं तोडलं तिथून शिडीसारखं उसवत चाललं. लेक आतून म्हणाली, "बाबा, कैची घ्या ना." कैचीनं अर्धं केलं. अर्धं घडी घालून पेटीत ठेवलं, अर्धं गंजात घातलं.

धुण्याचा सोडा टाकला, कोशाला टाकतो तेवढा. चूल चांगली पेटवली. पाणी पिवळं झालं, मग गढूळ झालं, वर तवंग आला. मी तो काढून फेकत गेलो. मनात म्हटलं, निघतंय सगळं. पिवळेपणा थोडा राहिला म्हणून ब्लिचिंग पावडरच्या पाण्यात बुडवलं. भर उन्हात वाळवलं. वाळल्यावर कडा गुंडाळून सुरळी व्हायला लागल्या, सरळ राहीनात. आमच्याकडं त्याला एकच इलाज, पेज. भाताची पाजणी दिल्याशिवाय आम्ही सूत मागावर चढवत नाही. पातळ पेज दिली, इस्त्री मारली. असं पांढरं, असं कडक झालं की तोंडात बोट घालावं. बगळ्यासारखं. विहिणीनं पाहिलं असतं तर तिची बोलती बंद झाली असती. मला फार बरं वाटलं. बायको गेल्यापासून हातानं केलेलं ते पहिलं धड काम होतं.

शेजारीण दुपारचं आवरून आली. बायकोच्या मशीनवरचं फडकं काढलं, तेल घातलं, सुई बदलली. कापड हातात घेतलं आणि तिचा हात थांबला.

"भाऊजी, हे काय?"

"कापड. काय म्हंजे?"

"पापड वाटून राह्यला मले."

मी म्हटलं, "शिव तं आधी. मंग बोल."

तिनं बारकं झबलं बेतलं, कापलं, कुशीची शिलाई मारली. मशीनचा आवाज मला माहीत होता, आतल्या खोलीतून इतकी वर्षं ऐकलेला. हा वेगळा होता. टिच टिच टिच, जशी सुई कागदातून जाते. ती मधेच थांबली. शिलाईच्या दोन्ही बाजूंनी धरून कापड जरा ताणलं, आणि माझ्यापुढं केलं.

"चष्मा लावा अन पाहा."

शिलाईच्या बाजूनं भोकं होती. मोहरीएवढी. टाक्याला लागून एक, जरा पुढं दुसरं. तिनं अजून ताणलं तशी दोन भोकं मिळून एक झालं.

"सुई बोथट असन," मी म्हटलं.

"सुई आताच नवी घातली." तरी तिनं सुई काढून टोकावर बोट फिरवलं. चिरलेली नव्हती. पेटीतून गोल टोकाची सुई काढली, होजियरीला लागते ती, तीही बारीकातली बारीक. धागा बदलला. मशीन हळू चालवली. भोकं कमी झाली, पण पडलीच. दुसऱ्या कुशीला तेच. गळ्याला तर पट्टी लावतानाच फासे तुटले.

लेक दारात येऊन उभी होती. पोटावर हात ठेवून सगळं पाहत होती.

"कापड सडकं होतं का वो?" तिनं विचारलं.

"कापड चांगलं होतं," शेजारीण म्हणाली. "तुह्या बाबानं शिजवून भात केला त्याचा."

मला राग आला. "काय चुकलं ते तं सांग. नुसती बोलून राह्यली."

ती उठली, पेटीतली उरलेली घडी आणली आणि दोन्ही तुकडे माझ्या दोन हातांत दिले. "सांगा, काय फरक हाय? डोरे मिटा अन सांगा."

डोळे मिटायची गरज नव्हती. कोरा तुकडा बोटांवरून सरकत होता. उकळलेला बोटांना धरत होता, खरखरीत. चुरगळला तर चुरगळलेलाच राहिला.

"कापसाले त्याची चिकनाई असते भाऊजी. जलमतः. वरून कारखान्यात सुताले मेन लावते, तेही असते. बाई मले पहिल्या दिवशी हेच सांगत होती. सुई धाग्यातून जाऊ नये, धाग्याच्या बाजूनं जावं. धागा सरकला पायजे, सुईले वाट देल्ली पायजे. चिकनाई असन तं सरकते. तुम्ही सोड्यानं ते सगळं काढलं, पावडरनं धागा कच्चा केला अन पेजेनं त्याले जागच्या जागी बांधून टाकलं. आता तो सरकन कुठं? सुई आली की तुटते. अन बनियनच्या कापडात एक फासा तुटला की शेजारचे दोन मोकळे होते."

"कोशाले तं…"

"कोसा हाय का हा?"

मला आठवलं, बायको मागं एकदा खिडकीपाशी असं कापड उजेडात धरून त्यातलं फाशांचं जाळं मला दाखवत होती. म्हणाली होती, "हे पाहा, जारं हाय हे. जाऱ्याले दमानं घ्या लागते." मी म्हटलं होतं, "जारं मासोर्‍या धरायले असते." तिनं कापड खाली ठेवलं आणि कामाला लागली. इतकी वर्षं ते माझ्या घरात होतं, मी विचारलं असतं तर तिनं सगळं सांगितलं असतं. तिनं शेजारणीला शिकवून ठेवलं, हे माझं नशीब. नाहीतर तिच्याबरोबर तेही गेलं असतं.

लेकीनं घडी हातात घेतली. "अर्धं राह्यलं ना? याचं होईन झबलं?"

"एक होईन. चुकलं तं काहीच होनार नाही."

"मंग हे उकळू नोका."

"अन तुही सासू?" शेजारणीनं विचारलं.

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सासूले मी पाहून घेतो." म्हणालो खरा, पण कसं पाहून घेणार ते मला माहीत नव्हतं. न उकळलेलं तिला चालणार नव्हतं, उकळलेलं शिवलं जाणार नव्हतं. आणि कापड आता तेवढंच होतं. दुकानात तसंच कापड थानानं मिळतं, पण त्यावर माझी बायको झोपलेली नसते.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं मला बसवून बायकोची पद्धत सांगितली. हात तिनं लावला नाही. म्हणाली, "तुम्हीच करा. बिघडवलं तुम्ही, आता सुधरवा तुम्ही." मला ते आवडलं. रिठे फोडून कोमट पाण्यात भिजत घातले. कोमट म्हणजे मनगट बुडवलं तर सुखाचं वाटावं इतकंच. त्या फेसात कापड बुडवलं. सुरुवातीला पाणी घेईचना, वर तरंगत राहिलं, हातानं दाबून दाबून बुडवलं. घासायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं मुठीनं दाबायचं आणि सोडायचं. पाणी बदललं, पुन्हा दाबलं. मळ गेला, घाम गेला, औषधाचा वास होता तो गेला. पण बोटांवरून सरकायचं ते कापड सरकतच राहिलं. शेवटच्या पाण्यात तिनं एरंडीचं तेल टाकायला सांगितलं, चमचाभर, साबणाच्या पाण्यात ताकासारखं घुसळून, म्हणजे डाग पडत नाही.

"दोरीवर घालू नोका," ती भिंतीवरून ओरडली. "वल्लं कापड टांगलं की आपल्या भारानं लांबते. मंग झबलं बेतलं एका मापाचं अन धुतलं की दुसऱ्या मापाचं."

खाट सावलीत ओढली, त्यावर चादर टाकली, चादरीवर कापड पसरलं. ओढून सरळ करायचं नाही, ते जसं बसेल तसं बसू द्यायचं. वाळल्यावर पाहतो तर कापड वीतभर आटलेलं. मी घाबरलो. शेजारीण म्हणाली, "आटू द्या. आताच आटलं तं बरं. अंगावर आटन तं लेकराचा गळा आवळन." एक दिवस ते तसंच पडू दिलं. कापायच्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून जरा दमट केलं, कारण उन्हाळ्यात कोरडंठाक कापड सुईखाली जास्त तुटते म्हणे. इस्त्री नाही, पेज नाही. कडा गुंडाळत होत्या, त्या तिनं बोटांनी धरून ठेवल्या. तिचं ते कसब, मला जमलं नसतं.

ती मशीनवर बसली तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत बघवेना. टिच टिच आवाज आला नाही. मशीनच्या पट्ट्याची घरघर तेवढी आली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "या भाऊजी, जीव नोका देऊ."

कुशीची शिलाई तिनं दोन्ही हातांनी ताणली. टाका कापडाबरोबर लांबला, सोडल्यावर परत बसला. चष्मा लावून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. भोक नाही. मी चुलीपाशी गेलो, चहा मांडला, साखर जास्त टाकली. तिला तेवढं समजलं.

उकळलेल्या कापडाचा उरलेला तुकडा कोपऱ्यात पडला होता. लेकीच्या हातून पाण्याचा पेला सांडला, तिनं तो तुकडा टाकून पुसलं. पाणी असं शोषलं की फरशी कोरडी. तिनं पुन्हा पाणी सांडून पाहिलं. "बाबा, याचे लंगोट मस्त होईन. शिवायचं कामच नाही, नुसते चौकोन कापायचे." पेज धुऊन काढली तसा तो मऊही झाला. चिकणाई गेली म्हणून सुईला नकोसा झाला आणि त्याच कारणानं पाणी प्यायला एक नंबर. मला बरं वाटलं. बायकोचं कापड फारसं वाया गेलं नाही.

लेक सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, शेजारणीनं बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं आणि बायकोला शिवी दिली. एवढी घाई करून गेली म्हणून.

बारशाला विहीण आली. नातीला मांडीवर घेतलं, तिचं नाक कोणावर गेलं यावर शेजारणीशी भांडली, मग म्हणाली, "आना झबलं."

शेजारीण मला आधीच सांगून बसली होती, "म्हना ना उकळलं म्हनून. त्याईले काय समजते."

"मले खोटं बोलता येत नाही. लगेच पकडला जातो."

आणि सांगायची वेळच आली नाही. विहिणीनं झबलं उलगडलं आणि तिचं तिलाच दिसलं. "हे तं पिवरं हाय. उकळलं नाही तुम्ही."

"नाही उकळलं."

"काय ठरलं होतं आपलं?"

मी आत जाऊन ते पहिलं पांढरं झबलं आणलं, अर्धवट शिवलेलं, भोकांचं. तिच्या हातात दिलं. "हे उकळलं. पाहा." सोडा, पावडर, पेज, सगळं सांगितलं. कोणावर ढकललं नाही. दुसरं कसं धुतलं तेही सांगितलं. विहिणीनं भोकात करंगळी घातली, फासे उसवत गेले. मग दुसरं झबलं घेतलं, त्याची शिलाई ताणली. तिची बोटं धानाची, रोवणी करून फुटलेली. त्या बोटांना फरक कळला, हे मला दिसलं.

तिनं दोन्ही झबली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मले समजते इवाईबुवा. कापडात काही नाही, हेही समजते. पन भेव वाटते. ही पोरगी माह्या घरी आली तवापासून वाट पाहून राह्यली मी. एवढ्यासाठी काही झालं तं जलमभर मनात राहीन."

"भेव मलेही वाटते," मी म्हटलं. "घालू नोका तुमच्या मनाविरुद्ध. लेकीले मी समजावतो."

खरंच म्हणालो. लेक खाटेवर बसून ऐकत होती. ती या वेळी हट्टाला पेटली नाही. नुसतं म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हनान तसं."

विहिणीनं नात लेकीच्या हातात दिली आणि उठली. "हरद कुठं हाय तुमच्याकडं?"

परातीत पाणी घेतलं, हळद कालवली, देवापुढं नेऊन ठेवली, हात जोडले. मग झबलं त्यात बुडवायला निघाली. शेजारीण ओरडली, "माय वो, डाग पडन! चिकनं कापड हाय, रंग सारखा घेनार नाही."

"पडू दे. हरद लागली की माह्या मनातलं निंगते."

आणि झालं तसंच. कापडानं हळद कुठं घेतली, कुठं घेतली नाही. गळ्यापाशी गर्द, पाठीवर फिक्कट, बाहीवर ठिपके. पुन्हा सावलीत, खाटेवर, आडवं वाळवलं. तोवर बारसं अडून राहिलं. आलेल्या बायका अंगणात बसून हसत होत्या, "इहीनबाईनं वाघीन केली पोरीले!" विहीण म्हणाली, "मंग? बकरी कायले करायची?"

झबलं तिनंच घातलं. नातीनं हात वर करून आळस दिला, काखेतली शिलाई ताणली गेली. आम्ही चौघंही तिकडंच पाहत होतो. शिलाई लांबली आणि जागेवर आली. विहिणीनं काखेत अंगठा फिरवला, आतून.

"टोचत नाही वो कुठं," लेकीला म्हणाली. "तुही माय शहानी होती."

लेक रडली. मीही रडलो असतो, पण तेवढ्यात विहीण माझ्याकडं वळली. "उरलं हाय का याच्यातलं?"

"टोपडं होईन एवढं," शेजारीण म्हणाली.

"मंग शिव. मी उद्या जाईन. पन हरद मीच लावीन, तू मधात पडू नोको. अन इवाईबुवा, तुम्ही त्या चुलीपासून दूर राहा."

"मी काय केलं आता?"

"अजून काही केलं नाही, म्हनून सांगून राह्यली."

शेजारीण मशीनवर बसली. विहीण तिच्या बाजूला बसून कड धरायला लागली आणि चुकीची धरते म्हणून बोलणी खायला लागली. लेक मधे काहीतरी सांगत होती, नात भोकाड पसरत होती. मी म्हटलं, कोणी चहा घेते का. माझ्या घरात चार बायका होत्या आणि एकही माझं ऐकत नव्हती. बरं वाटलं. मी पाणी ठेवलं.